बोटीतल्या तिघांची बोली

‘आयला, बॉस आज डोक्यात गेला यार!’ हे वाक्य तुम्ही कँटीनमध्ये बिनधास्त टाकता. पण हेच छापील पानावर? छे! लिहायची भाषा वेगळी, बोलायची वेगळी, हे आपल्या डोक्यात शाळेतच पक्कं बसवलेलं असतं. लंडनमध्ये एका पठ्ठ्याने १८८९ साली हे कुंपण ओलांडलं आणि बोलणी खाल्ली. जेरोम के. जेरोम त्याचं नाव. पुस्तक अर्थातच ‘थ्री मेन इन अ बोट’.

तीन दोस्त, एक कुत्रा आणि थेम्स नदीवरची सुट्टी. बस्स, एवढीच स्टोरी. यात उमराव नाहीत, सरदार नाहीत. तिघांतला जॉर्ज तर चक्क बँकेत नोकरी करणारा. आणि ही मंडळी बोलतात कशी? ऑफिस सुटल्यावर तरुण पोरं बोलतात तशी. वैताग आला की ‘बॅली’ म्हणायचं. हा ‘बॅली’ म्हणजे ‘ब्लडी’चा सोवळ्यातला भाऊ. आपण नाही का, मूळ शिवी गिळून ‘च्यायला’वर भागवत? तसंच.

वाचक खूश, समीक्षक लालबुंद! ‘पंच’ साप्ताहिकाने त्याला नाव ठेवलं ‘ॲरी के. ॲरी’. हॅरीतला ‘ह’ खाणारा लंडनचा सामान्य पोरगा म्हणजे ॲरी, ‘पंच’चं ठरलेलं गिऱ्हाईक. एका वर्तमानपत्राच्या मते तर, खालच्या लोकांना जास्त शिकवलं की असंच व्हायचं! जेरोमने १९२६ च्या आत्मचरित्रात हे सगळं मजेत सांगितलंय.

म्हणजे बघा, दुखणं नुसतं शब्दांचं नव्हतंच. १८७० च्या कायद्याने इंग्लंडमध्ये शाळा वाढल्या, वाचणारी नवी पिढी आली. जेरोम स्वतः चौदाव्या वर्षी शाळा सोडून रेल्वेत क्लार्क झालेला. असा माणूस आपल्याच भाषेत लिहितो आणि वर खपतोही, हे झोंबलं.

गंमत म्हणजे त्याच ‘पंच’ने १८८८-८९ मध्ये ‘डायरी ऑफ अ नोबडी’ छापली. तिथेही क्लार्क आहे, त्याच्या मुलाच्या तोंडी भरपूर स्लँग आहे. पण तिथे क्लार्कवर हसायचं होतं. जेरोमकडे तो स्वतःच हसवत होता. फरक लक्षात आला ना?

पुढे १९१४ मध्ये शॉच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये खुद्द ‘ब्लडी’च लंडनच्या रंगमंचावर उच्चारला गेला आणि केवढी खळबळ उडाली! याच नाटकावरून पुलंनी ‘ती फुलराणी’ केलं. तिथेही भांडण तेच, शुद्ध भाषा म्हणजे नक्की कुणाची?

या वीकेंडला जेरोम वाचाच. कॉपीराइट संपलाय, नेटवर फुकट मिळतो. आणि पुढच्या वेळी कुणी म्हणालं, ‘तुम्हा पोरांची भाषा बिघडलीय’, तर शांतपणे विचारा, ‘कुणाच्या मानाने, राव?’