अलिंदछिद्र आणि वैद्याचे कर्तव्य

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला जन्मतः राहिलेले छिद्र औषधाने बुजते काय, असा प्रश्न पालक वैद्यास विचारतात. त्याचे उत्तर आपण सर्वांनी एकमुखाने द्यावे, असे आमचे मत आहे. अर्भकावस्थेत आढळलेले पाच मिलिमीटरहून लहान छिद्र पहिल्या काही वर्षांत पुष्कळदा आपोआप मिटते. त्या काळात बालकास अर्जुनाचा एखादा कल्प चालू असेल, तर श्रेय कल्पाला मिळते. हीच ख्याती पुढे मोठे छिद्र असलेल्या बालकास घातक ठरते, कारण असे छिद्र क्वचितच मिटते. डावीकडील रक्त उजवीकडे वाहत राहून हृदयाची उजवी बाजू फुगते. तिशी-चाळिशीत धाप लागते, हृदयगती अनियमित होते. आणि फुप्फुसांतील रक्तदाब कायमचा वाढला, तर छिद्र बंद करणेच धोक्याचे होऊन बसते.

सुश्रुताचार्यांनी शस्त्रसाध्य आणि स्नेहादिक्रियासाध्य असे व्याधींचे दोन वर्ग केले आहेत. तेव्हा असा रुग्ण वेळीच पुढे पाठविणे हे शास्त्राचेच पालन होय.

1953 साली फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने असे छिद्र प्रथम शिवले. त्यासाठी छाती उघडावी लागली. 1975 साली डॉ. किंग व डॉ. मिल्स यांनी छाती न उघडता नलिकेद्वारे ते बंद करून दाखविले. आज जांघेतील शिरेतून बारीक नलिका हृदयापर्यंत नेतात. निकेल-टायटॅनियमच्या तारेची दुहेरी चकती आधी डाव्या कप्प्यात, मग उजव्या कप्प्यात उघडून पडदा दोन्ही बाजूंनी धरतात. काही महिन्यांत तिच्यावर शरीराचे स्वतःचे आवरण चढते. रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. मात्र हा उपाय पडद्याच्या मध्यभागी असलेल्या व पुरेसा काठ लाभलेल्या छिद्रासच लागू पडतो. इतरांस आजही शस्त्रक्रियाच करावी लागते. याचा निर्णय इकोतपासणीनंतर हृद्रोगतज्ज्ञ करतात.

मग जिंतूरसारख्या तालुक्यातील वैद्याचे काम काय? आमच्या मते ते सर्वांत आधीचे काम आहे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालके वर्षातून दोनदा व शाळकरी मुले एकदा तपासली जातात. त्या पथकांतील वैद्यकीय अधिकारी आयुष पदवीधरच असतात. अर्थात, बालकाच्या छातीला प्रथम स्टेथोस्कोप लावणारा हात पुष्कळदा आपल्यापैकीच कोणाचा तरी असतो. वारंवार होणारा कफकास, न वाढणारे वजन, खेळताना लागणारी धाप, डाव्या बाजूस दुसऱ्या बरगडीखालच्या जागी ऐकू येणारी मृदू मर्मरध्वनी आणि श्वास घेताना-सोडताना सारखाच दुभंगलेला राहणारा दुसरा हृदयध्वनी, ही लक्षणे आढळताच रुग्णास परभणीच्या जिल्हा रुग्णालयाकडे पाठवावे. मात्र पुष्कळ मुलांत काहीच त्रास जाणवत नाही. म्हणूनच कानांनी ऐकणे आवश्यक आहे. खर्चाच्या भीतीने मागे फिरणाऱ्या कुटुंबास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती द्यावी.

औषधी दुकानदार बंधूंनाही आमचे सांगणे आहे. चकती बसविलेल्या रुग्णास साधारण सहा महिने अ‍ॅस्पिरिन व कधीकधी सोबत आणखी एक रक्त पातळ करणारे औषध दिले जाते. ते मधेच बंद केल्यास चकतीवर रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. त्याच काळात गुग्गुळाचे अथवा लसणाचे कल्प मोठ्या मात्रेत घेतल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते. म्हणून असे कल्प देण्यापूर्वी रुग्णाची चिठ्ठी पाहावी आणि ‘छिद्र बुजविणारे औषध’ म्हणून काहीही विकू नये.

आहार, बल, अग्नी आणि शस्त्रकर्मानंतरचे पथ्य ही आपली क्षेत्रे आहेत. ती आपण निष्ठेने सांभाळावीत. परंतु पडद्यातील छिद्र वेळेत दाखवून देण्याची जबाबदारी त्याआधीची आहे.