वाफ की पाणी?

पावसाळा लागला की घरोघरी ओलीशी लढाई सुरू होते. मिठाला पाणी सुटतं, पापड सादळतात, कपाटातल्या साड्यांना कुबट वास येतो. यातल्या प्रत्येकावर आपल्याकडे तोडगा असतो, कुणी आईकडून शिकलेला, कुणी सासूबाईंकडून. पण दारातल्या गाडीच्या हेडलाइटमध्ये आतून वाफ धरली तर? 'ह्यांना सांगते' किंवा 'गॅरेजवाला बघेल' असं म्हणून आपण मोकळ्या होतो. आणि गॅरेजवाला म्हणतो, "काही नाही हो ताई, पावसाळ्यात असं होतंच."

मैत्रिणींनो, त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं आपल्याला ठाऊक हवं.

आधी खरं ते बघू. हेडलाइट हा काही हवाबंद डबा नसतो. आतली हवा तापून फुगते, तिला वाट हवी म्हणून दिव्याच्या मागच्या बाजूला बारीक छिद्रं किंवा छोट्या रबरी नळ्या ठेवलेल्या असतात. दिवा गार झाला की तीच हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. मग गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब धरतात, तसंच दिव्याच्या गार काचेवर आतून दव धरतं. ('काच' आपली म्हणायची, हल्लीच्या बहुतेक गाड्यांना ती प्लास्टिकचीच असते.) गाडी धुतल्यावर किंवा सरीत भिजल्यावर अशी पातळ वाफ दिसली आणि दिवा लावून थोडं अंतर चालवल्यावर ती विरून गेली, तर खरोखरच घाबरायचं कारण नाही. एलईडी दिवे असतील तर थोडा धीर धरा. त्यांची उष्णता पुढच्या काचेपर्यंत फारशी पोचत नाही, त्यामुळे वाफ जायला वेळ लागतो.

आता उरलेलं अर्धं. वाफ वेगळी आणि पाणी वेगळं. आत टपोरे थेंब असतील, त्यांचे ओघळ दिसत असतील, तळाशी पाणी साचलं असेल किंवा दोन कोरडे दिवस जाऊनही धुरकटपणा हटत नसेल, तर 'पावसाळ्यात असं होतंच' हे उत्तर चालणार नाही. कुठून तरी पाणी आत शिरतंय. काचेला तडा गेला असेल, काचेच्या कडेचा चिकट जोड सुटला असेल किंवा बल्ब बदलताना मागचं रबरी झाकण नीट बसवलं गेलं नसेल. हे शेवटचं कारण सगळ्यात साधं, आणि म्हणूनच ते आधी तपासायला सांगा. प्रेशरच्या पाण्याचा फवारा जोडांवर जवळून मारल्यानेही पाणी आत जातं.

दुर्लक्ष केलं तर काय होतं? आतली चकचकीत चांदी, म्हणजे रिफ्लेक्टर, काळवंडतो. तो एकदा गेला की पुन्हा तसा होत नाही. बल्बच्या जोडणीला गंज चढतो. थेंबांमुळे उजेड विखुरतो. म्हणजे आपल्याला रस्ता कमी दिसतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर मात्र नको तेवढा येतो. आंबोलीसारख्या घाटात पाऊस आणि धुकं एकत्र उतरतं, तेव्हा हा फरक जिवावरचा ठरू शकतो. आणि घाटच कशाला? गावाबाहेरच्या आपल्या रस्त्यांवर खांब असले तरी दिवे असतीलच असं नाही. समोरचा खड्डा, बसलेली म्हैस, दिवा नसलेली ट्रॉली दाखवायला आपला हेडलाइटच असतो.

मग करायचं काय? पाणी थोडं असेल, तर उघडीप बघून दिव्याचं मागचं झाकण काढून घ्या, दिव्याचं तोंड उन्हाकडे ठेवून दोन-तीन तास सुकू द्या आणि झाकण घट्ट बसवा. स्कूटरला त्यासाठी पुढचा पत्रा खोलावा लागतो, ते काम मेकॅनिककडूनच करून घ्या. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू देऊ नका. बोटाचं तेल लागलं की बल्ब तिथेच जास्त तापतो आणि लवकर जातो. कुणी दिव्याला भोक पाडून पाणी काढू म्हणालं किंवा सगळ्या फटी चिकटवून टाकू म्हणालं, तर सरळ नाही म्हणा. भोकातून पाण्याला वाट मिळते, आणि हवेची छिद्रं बुजली की आतली वाफ आतच कोंडते.

गॅरेजात गेल्यावर 'दिवा बघा जरा' एवढंच म्हणू नका. 'आत पाणी आहे, दोन दिवसांत सुकलेलं नाही, झाकण आणि जोड तपासा' असं सांगा आणि तेच जॉब कार्डवर लिहून घ्या. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण तुम्ही पोचेपर्यंत ऊन पडलेलं असतं आणि पुरावा वाळलेला! गाडी वॉरंटीत असेल तर लेखी तक्रारीला फार महत्त्व आहे. वाफेला कंपनी बहुधा नाहीच म्हणेल, पण साचलेल्या पाण्याबद्दल उत्तर मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो, त्यामुळे बल्ब गेला तर तो दिवसाही लक्षात येतो. कारचं तसं नाही. दिवसा दिवा बंद, म्हणून आतलं पाणी कळतं ते नेमकं अंधार पडल्यावर, अर्ध्या वाटेत. तेव्हा आठवड्यातून एकदा संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून दिवे लावा. दोन्हींचा उजेड सारखा पडतोय ना, एवढं बघायला मिनिटही लागत नाही.

आज आपल्यातल्या कितीजणी गाडी घेऊन शाळेत, बँकेत, दवाखान्यात, क्लासला जातात. परतताना दिवेलागण होऊन जाते. 'अंधार पडायच्या आत घरी ये' हे वाक्य ऐकत आपण मोठ्या झालो. आता कामं अंधारापाशी थांबत नाहीत, आणि ती थांबावीत असं आपल्यालाही वाटत नाही. मग अंधारात आपल्याला घरी आणणाऱ्या दिव्याची चौकशी दुसऱ्या कुणावर का सोडायची? लोणच्याच्या बरणीला ओलीचा हात लागू नये म्हणून आपण किती जपतो! त्यातलं थोडं लक्ष त्या दिव्यालाही देऊ या.