शिक्षेपूर्वी नव्हे, दोष ठरविण्यापूर्वी

सरकारी कचेरीतील कारकून निलंबित झाला, तरी त्याला निदान निर्वाहभत्ता मिळतो. सनदी लेखापालाचे नाव नोंदवहीतून काही काळापुरते काढले, तर त्याला असा कोणताच आधार उरत नाही. अशिले दुसरीकडे जातात, आणि मुदत संपल्यावर ती परततातच असे नाही. अशा माणसाचे म्हणणे ऐकावयाचे की नाही, याविषयी सहसा दुमत नसते. वाद असतो तो केव्हा ऐकावयाचे याचा.

इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्सच्या ज्या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये दिला, त्याचे मर्म हेच होते. १९४९ च्या कायद्यातील तेव्हाच्या तरतुदींनुसार शिस्तपालन समिती चौकशी करून अहवाल देई आणि सभासद दोषी आहे काय, हे संस्थेची परिषद ठरवी. परिषद सभासदाला बोलावी. पण ते दोष निश्चित झाल्यावर, शिक्षा किती असावी एवढ्यापुरते! शिवाय समितीतील मंडळी परिषदेतही निर्णयाला बसत, म्हणजे आपल्याच अहवालावर शिक्कामोर्तब करीत. मुंबई उच्च न्यायालयाला हे मान्य झाले नाही. सर्वोच्च न्यायालयानेही संस्थेचे अपील फेटाळले.

पुढे अपिलाची सोय आहेच, मग पहिल्या पायरीवर त्रुटी राहिली तर बिघडले कोठे, असा संस्थेचा युक्तिवाद होता. तो दिसतो तितका बिनतोड नाही. व्यावसायिकाची पत पहिल्या निर्णयाबरोबरच ढासळते. अपिलात तो निर्दोष ठरला, तरी गेलेला विश्वास न्यायालयाच्या हुकुमाने परत मिळत नाही. न्यायालयाने हे ओळखले, हेच या निकालाचे मोठेपण. २००६ च्या दुरुस्तीने ही यंत्रणा बदलली, आणि कोणताही आदेश देण्यापूर्वी सभासदाला बाजू मांडण्याची संधी देणे कायद्याच्या शब्दांतच आले.

सभासदाला संरक्षण देताना अशिलाचे वा रुग्णाचे हित विसरता येणार नाही, हे खरेच. धोका तातडीचा असेल, तर तात्पुरती मनाई समजू शकते. मात्र तिला मुदत हवी आणि त्या मुदतीतच सुनावणी व्हावयास हवी.

खरी अडचण लहानसहान व्यावसायिक संघटनांत आहे. "कार्यकारिणीचा निर्णय अंतिम राहील" या एका कलमाच्या बळावर सभासदाला दूर करता येते, असा तेथे समज असतो. आरोपांची लेखी प्रत, पुराव्याचे कागद, उत्तराला पुरेसा अवधी आणि तक्रारदाराला वगळून झालेले मतदान, एवढ्यासाठी कोणत्याही संघटनेला मोठा खर्च येत नाही.