कट्टा कुणी मोडला?

"हल्लीच्या पोरांना मित्रच नाहीत, सदा मॉलमध्ये नाहीतर मोबाईलमध्ये!" घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दर रविवारी हेच रडगाणं. (मामा, हो, तुलाच बोलतोय.)

मंडळी, जरा आठवा. १९९६ साली लकी अलीचा 'सुनोह' आला, तेव्हा आपण शनिवारी रात्री पंतनगरात बिल्डिंगच्या कठड्यावर बसायचो. कॅसेट एकाची, वॉकमन दुसऱ्याचा, इयरफोन दोघांत एक. ९० मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर दुकानातून गाणी भरून घ्यायला वर्गणी काढायचो, मग कुठली गाणी यावरून मरणाची भांडणं! पण बसायला दमडी पडत नव्हती.

पुढे म्हाडाच्या एकेक इमारती पुनर्विकासात गेल्या. टॉवरखाली पार्किंग, वॉचमन आणि 'येथे बसू नये'ची पाटी. तो ठराव पोरांनी केला? सोसायटीच्या मीटिंगला हात वर करणारे सगळे आपल्याच वयाचे, कठड्यावर वाढलेले. २००९ मध्ये आर सिटी मॉल उघडला. पोरं तिकडे गेली, आणि आता कॉफीच्या बिलावरून पुन्हा त्यांनाच बोलणी!

असो. पुढच्या सभेत पाटी काढून दोन बाकडी टाकायचा ठराव मी मांडतोय. अनुमोदन कोण देतंय?