अण्णांची शेवंता आणि माईचा वाडा

पेडणे महालातील एका गावच्या जत्रेत दहिकाल्याच्या रात्री आम्ही बसलो होतो. आख्यान कीचकवधाचे होते. अंगावर भरजरी वस्त्रे, मिशीला पीळ आणि डोळ्यांत सैरंध्रीविषयीची अभिलाषा घेऊन कीचक रंगमंचावर आला, तोच पाठीमागच्या तरुणांतून आरोळी उठली, "अण्णा इलो!" सारा मांडव हसला. कीचकाचे काम करणारा नटही कसलेला. त्याने ती आरोळी अचूक उचलली आणि पुढची पाच मिनिटे विराटनगरीचा सेनापती आकेरीच्या वाड्यातील अण्णा नाईक होऊन वावरला. आमच्या शेजारी एक वृद्ध बाई बसल्या होत्या. त्या मात्र हसल्या नाहीत. पोरांची बडबड ओसरल्यावर त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "आनी त्या माईचां कितां?"

हा प्रश्न त्या रात्रीपासून आमचा पाठलाग करीत आहे. ज्या मालिकेविषयी तो विचारला गेला, तिच्यावर आजवर पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले. पण वादाचा सारा भर भलत्याच ठिकाणी राहिला, असे आमचे मत आहे.

'रात्रीस खेळ चाले' ही मालिका झी मराठी वाहिनीवर 2016 साली सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातील एक जुना वाडा, त्या घराचा कर्ता पुरुष अण्णा नाईक यांचा मृत्यू, त्यानिमित्ताने गोळा झालेली मुले-सुना आणि त्यांच्यावर पडत गेलेली अगम्य सावली, असा तिचा आरंभ होता. ती सुरू होताच कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, अशी हाकाटी सिंधुदुर्गात झाली आणि मालिका बंद करावी अशी मागणीही पुढे आली. मालिका बंद पडली नाही. उलट तो वाडा पाहण्यासाठी लोकांची रीघ लागली. 2019 साली तिचा दुसरा भाग आला. त्याने काळ मागे नेला, मेलेल्या अण्णांना जिवंत केले, आणि पहिल्या भागात भूतकाळाची एक छाया म्हणून असलेल्या शेवंतेला थेट कथेच्या मध्यभागी आणून बसविले. येथेच ते वळण आले. भयकथा म्हणून जी सुरू झाली, ती पाहता पाहता विवाहित अण्णा आणि परक्याची बायको शेवंता यांची प्रेमकथा झाली. प्रेक्षक भुताची वाट पाहीनासा झाला. तो शेवंतेची वाट पाहू लागला.

मालिकेच्या गुणांविषयी प्रथम लिहिले पाहिजे. माधव अभ्यंकर यांनी उभा केलेला अण्णा, अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता, शकुंतला नरे यांची माई ही कामे कोणाही नाट्यरसिकाने दाद द्यावी अशी होती. प्रल्हाद कुडतरकर हे मालिकेचे लेखक आणि त्यातील पांडूही तेच. त्यांच्या लेखणीमुळे तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवर बोलली जाणारी बोली रात्रीच्या वेळेला घराघरांत ऐकू आली. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते. पुढे पोर्तुगीजांनी सरहद्दीची रेघ ओढली. पण दशावतारी मंडळींच्या पेट्या ती रेघ ओलांडीत राहिल्या, सोयरिकी होत राहिल्या. त्यामुळे आकेरीचा वाडा आमच्या वाचकाला परका वाटत नाही. आणि म्हणूनच त्या वाड्यात काय घडते, याविषयी मत देण्याचा त्याला अधिकार आहे.

शेवंता प्रकरणावर दोन प्रकारचे आक्षेप घेतले जातात. एक पक्ष म्हणतो, व्यभिचार घरात बसून मुलाबाळांसमवेत पाहावा लागला. दुसरा म्हणतो, भुताखेतांचे स्तोम माजविले. हे दोन्ही आक्षेप आम्हांला फारसे पटत नाहीत. ज्या प्रदेशात आमोण्याचा वेताळ गावाचा रक्षक म्हणून पुजला जातो, जेथे साळ गावी होळीच्या दिवसांत गडे देवचाराच्या मशालीमागे रानोमाळ धावतात, त्यांतले काही दिसेनासे होतात आणि पुन्हा सापडतात यावर गाव श्रद्धेने बोलतो, जेथे कोजागरीच्या पुनवेला रवळनाथ-भूतनाथाच्या तरंगांपुढे पेडण्यात अफाट जनसमुदाय लोटतो, त्या प्रदेशाला दूरचित्रवाणीने भूत शिकविले असे म्हणणे हास्यास्पद होईल. राहता राहिला शृंगार. आमच्या काल्यात इंद्र अहल्येच्या आश्रमात शिरतो, कीचक सैरंध्रीचा हात धरतो, आणि हे सारे आमच्या आजी-पणज्यांनी मांडीवर मूल घेऊन पाहिलेले आहे. त्याने कोणी बिघडल्याचे ऐकिवात नाही.

मग दोष कोठे आहे?

आमच्या लोकमानसातील भूत हे काही रिकामटेकडे नसते. देवचार सीमेची राखण करतो. बांध सरकविणाऱ्याला तो आडवा येतो. राखणदाराचे देणे चुकविले की घरात काहीतरी बिघडते, अशी समजूत आहे. वेताळ रात्रभर गावात फिरतो म्हणून त्याला वहाणा वाहतात. अन्यायाने मेलेली बाई झाडावर बसते, ती तिचे कोणीतरी काहीतरी लुबाडलेले असते म्हणून. या समजुती खऱ्या की खोट्या, हा प्रश्न वेगळा. आम्ही त्या खऱ्या मानीत नाही. परंतु त्यांच्या पोटात एक न्यायबुद्धी आहे. जे कोर्टात सिद्ध होत नाही, जे पंचांपुढे बोलता येत नाही, ते भुताच्या तोंडून बोलले जाते. भूत म्हणजे गावाच्या वहीतील न फिटलेली बाकी होय. मालिकेच्या पहिल्या भागाला जे बळ होते, ते याच बाकीचे होते. मेलेल्या माणसाने जिवंतपणी जे केले, ते त्याच्या मुलाबाळांच्या पानात वाढले जात होते.

दुसऱ्या भागाने ती वही उघडली खरी, पण बाकी मांडण्याऐवजी तिच्यावर गुलाबपाणी शिंपडले. अण्णा नाईक कोण आहे? तो जमिनी लाटणारा आहे. तो गड्यामाणसांना जनावरासारखे वागविणारा आहे. तो बायकोवर हात उगारतो, मुलांना धाकात ठेवतो आणि वेळ पडल्यास जीवही घेतो. लेखकाने यातले काहीही लपविलेले नाही, हे मान्य केले पाहिजे. पण शेवंतेच्या दारात उभा राहिलेला अण्णा इतका लोभस रंगविला गेला की हे सारे दुर्गुण त्याच्या रंगेलपणाचे अलंकार ठरले. लोक त्याचे बोलणे, त्याचे चालणे, त्याची शिवी गाऊ लागले. लग्नाच्या मांडवात आणि गणेशोत्सवाच्या मंचावर अण्णा-शेवंतेच्या नकला होऊ लागल्या. माईची नक्कल झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. तिच्यात नक्कल करण्यासारखे काय आहे? ती पेज वाढते, मार खाते आणि घर सांभाळते.

गोमंतकीय वाचकाने या ठिकाणी थोडे थांबावे, कारण अण्णा नाईक त्याच्या ओळखीचा आहे. आमच्याकडे त्याला भाटकार म्हणत. 1961 साली गोवा मुक्त झाला, 1964 साली भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने कूळकायदा केला, 1975 साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा झाला. हे कायदे कोणा पंडिताच्या लहरीने झाले नाहीत. रात्री-अपरात्री ज्याच्या हाकेसरशी उठून जावे लागे, ज्याच्या भाटात झोपडी असल्यामुळे घरच्या बायकांकडे त्याची नजर गेली तरी मान खाली घालावी लागे, अशा कुळामुंडकारांच्या हयातभराच्या अनुभवातून ते झाले. सगळेच भाटकार तसे नव्हते. कित्येकांनी शाळा काढल्या, ग्रंथालये चालविली. पण जे तसे होते, त्यांच्याविषयी त्या काळी कोणी हसून बोलत नसे. आज त्यांच्याच नातवंडांच्या पिढीला अण्णा विनोदी आणि हवाहवासा वाटतो, याचा एक अर्थ असा की भीती गेली. हे चांगलेच झाले. दुसरा अर्थ असा की आठवणही गेली. ते तितकेसे चांगले नाही.

शेवंतेच्या बाबतीत तर आम्ही अधिकच विसराळू ठरलो. प्रेमाच्या नावाखाली बड्या घरातील पुरुषाने दुसरे घर मांडावे, तेथे मन रमवावे, आणि त्या घरातील बाईला बायकोचा मान नाही, मुलांना बापाचे नाव नाही, ही व्यवस्था गोमंतकात कित्येक शतके राजरोस नांदत होती. त्या पुरुषाला 'यजमान' असे भारदस्त नाव होते. या व्यवस्थेत जन्मलेल्या राजाराम पैंगीणकरांनी पुढे समाजसुधारणेचे केवढे काम केले, आणि आपल्या आत्मचरित्राला 'मी कोण?' असे नाव दिले! त्या दोन शब्दांपुढे शंभर भागांचा शृंगार फिका पडावा. आज गोमंतक मराठा समाजाने विद्या, कला आणि सार्वजनिक जीवनात जे स्थान मिळविले आहे, ते त्या व्यवस्थेचे उपकार नव्हेत; ती मोडून काढण्यासाठी दोन पिढ्यांनी केलेल्या झगड्याचे ते फळ आहे. मालिकेतही अण्णा-शेवंतेची एक मुलगी आहे, सुषमा; सगळे तिला सुसल्या म्हणतात. तिचा जन्म हा कथेतील खरा कळीचा प्रश्न होता. पण प्रेक्षकाला आईबापांच्या भेटीगाठींत गोडी वाटली, आणि मुलीच्या वाट्याला त्याने संशय आणि तिरस्कारच ठेवला. खऱ्या आयुष्यातही बहुधा असेच घडत आले आहे.

असे विषय हाताळूच नयेत, असे आम्हांला म्हणावयाचे नाही. आरवलीच्या जयवंत दळवींनी 'महानंदा' लिहिली. भाविणीच्या घरातील मुलीची ती प्रेमकथाच आहे. पण त्या प्रेमाची किंमत कोणी मोजली, हे वाचकाला क्षणभरही विसरता येत नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'चानी'तील मुलगी आपल्या जन्माचा दंड गावाला भरत राहते. दोघेही याच मातीतले, वेंगुर्ल्याच्या परिसरातले. त्यांनाही रात्रीची, रानाची, भुताखेतांची भाषा अवगत होती. त्यांनी तिचा उपयोग अपराध्याला सोडविण्यासाठी केला नाही.

मालिकेच्या बाजूने असे म्हटले जाईल की हा दोष लेखकाचा नसून प्रेक्षकाचा आहे. त्याला जे आवडले ते वाढविले गेले. यात तथ्य आहे, आणि नेमके तेथेच या माध्यमाचे दुखणे आहे. दशावतारी नटालाही प्रेक्षकाची नाडी कळते. त्याच्यासमोर लिहिलेली संहिता नसते, संवाद उत्स्फूर्त असतात. कीचकाला टाळी मिळाली तर तो प्रवेश वाढवितो, आम्ही पाहिल्याप्रमाणे तो घटकाभर अण्णाही होतो. परंतु त्याला पहाटेची मर्यादा असते. तांबडे फुटण्यापूर्वी भीम यावाच लागतो, कीचक पडावाच लागतो, दहीहंडी फुटावीच लागते. त्यावाचून मंडळीला पेटारा उचलता येत नाही. मालिकेला पहाट नाही. तिला फक्त उद्याचा भाग असतो. म्हणून टाळी मिळालेला प्रवेश महिनोन्महिने लांबत जातो, आणि भीम बिचारा विंगेत उभा राहून कंटाळतो. 2021 साली तिसरा भाग आला, त्यात पडका वाडा आहे, त्या वाड्यात अण्णा आणि शेवंता यांची भुते आहेत. मृत्यूनंतरही जोडी कायम! माई मात्र जिवंत आहे, आणि जिवंत असल्यामुळे त्या दोघांच्या भुतांचाही त्रास तिनेच सोसावयाचा आहे. इतका क्रूर विनोद लेखकाच्या मनात असेल असे आम्हांला वाटत नाही. तो आपोआप घडला.

बंदीची मागणी करणाऱ्यांना आम्ही पूर्वीही पाठिंबा दिला नसता आणि आजही देणार नाही. निवेदने देऊन नाटक बंद पाडण्याची सवय एकदा लागली की ती कोठे थांबेल याचा नेम नसतो. आज शेवंता, उद्या महानंदा, परवा दशावतारातील संकासुराच्या तोंडचे थेट बोलणे. कोकणच्या बदनामीचा मुद्दा तर मुळातच पोकळ आहे. दुष्ट माणूस मालवणी बोलला म्हणून मालवणी बदनाम होत नाही.

आमची तक्रार निराळी आहे, आणि ती लेखकांइतकीच आमच्या वाचकांविरुद्धही आहे. जत्रेच्या मांडवात 'अण्णा इलो' अशी आरोळी देणारी मुले काही वाईट नव्हती. त्यांतील दोघे-तिघे दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या आवारातील कचरा वेचताना आम्हांला दिसले. त्यांना विचारावेसे वाटले की बाबांनो, तुमच्या पणजोबाला अशाच एखाद्या अण्णाने अंगणात उभे केले असेल, हे तुम्हांला घरी कोणी सांगितले आहे काय? विचारले नाही. त्या वृद्ध बाई तेव्हा प्रसादाची पुडी पदरात बांधून बसच्या थांब्याकडे निघाल्या होत्या, आणि त्या मुलांपैकीच एकाने त्यांची पिशवी उचलली होती.

या मालिकेचा आणखी एखादा भाग कधी निघालाच, तर तो माईच्या स्वयंपाकघरातून सुरू व्हावा. चूल आहे, पाट्यावर अर्धे वाटलेले खोबरे आहे, दिवसभराच्या कामाने मोडलेली कंबर आहे, आणि बाहेरच्या ओटीवर नवऱ्याच्या वहाणांचा आवाज येऊन तो दरवाजावरून पुढे, दुसऱ्या घराकडे निघून जातो आहे.