समुपदेशकाला आलेला राग जातो कुठं?

स्पष्टच लिहितो. ज्याच्यासमोर आपण मन मोकळं करतो त्या समुपदेशकाला आपला राग येऊ शकतो. कंटाळा येऊ शकतो. एखादा पेशंट जरा जास्तच आवडू शकतो. "ते प्रोफेशनल असतात, त्यांना काही वाटत नाही" ही निव्वळ थाप आहे, आणि ती आपल्या बायाबापड्यांना महागात पडते.

मार खाऊन आलेली बाई केंद्रात जाते. समोर पन्नाशीच्या मॅडम. दहा मिनिटं ऐकतात आणि म्हणतात, "अगं, संसारात थोडं सोसावंच लागतं. आम्ही नाही का सोसलं?" झालं समुपदेशन! अहो, हा सल्ला नाही, हे मॅडमचं जुनं दुखणं बोलतंय. ही कालची पोर उंबरठा ओलांडते, मग मी तीस वर्षं का थांबले, हा प्रश्न त्यांना सोसत नाही. आंतरजातीय लग्न केलेल्या पोरीसमोर बसलेल्या सरांचंही तेच. खुर्चीत समुपदेशक, पण बोलतो मुलीचा बाप.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. फ्रॉइडनं 1910 मध्येच याला नाव दिलं, काउंटरट्रान्सफरन्स. पेशंटमुळं उपचार करणाऱ्याच्याच मनात जे उठतं ते. त्याचं म्हणणं होतं, हे ओळखा आणि त्यावर मात करा. 1950 मध्ये पॉला हायमन यांनी पुढचं पाऊल टाकलं. त्या म्हणाल्या, ही भावना म्हणजे पेशंटला समजून घेण्याचं एक महत्त्वाचं साधन आहे.

पण मला सगळ्यात पटतो तो विनिकॉट. लहान मुलांचा इंग्रज डॉक्टर. महायुद्धाच्या काळात त्यानं नऊ वर्षांचा एक बेफाम पोरगा तीन महिने घरी ठेवला. पोरानं घर डोक्यावर घेतलं की हा त्याला दाराबाहेर उभा करायचा आणि सरळ सांगायचा की तुझ्या वागण्यानं मला तुझा तिरस्कार वाटला. मारायचा नाही. बाहेर एक घंटा होती, ती वाजवली की पोरगा परत आत, झालेल्यावर एक शब्द नाही. 1947 मध्ये त्यानं हे सगळं डॉक्टरांपुढं मांडलं. आपल्याकडं कुणी असं बोलून दाखवेल का? उलट "मी सगळ्यांना लेकरासारखं समजते" हीच टेप.

काहीजण म्हणतील, मग असल्यांना काढून टाका. चूक. चांगल्यातल्या चांगल्यालाही राग येतो. त्याला तो बोलायला जागा हवी. अनुभवी माणसासमोर बसून "या केसमध्ये माझं डोकं का फिरलं" असं विचारता आलं पाहिजे. त्याला सुपरव्हिजन म्हणतात. ती चैन नाही. सर्जननं हात धुण्यासारखं आहे ते.

आता आपल्याकडं बघा. समुपदेशक कंत्राटी, पगार उशिरा, एका खोलीत टेबल, शेजारी दुसऱ्याची केस चालू. दिवसभर मारहाण, दारू, आत्महत्येचे विचार ऐकायचे आणि संध्याकाळी काय, तर रजिस्टरमध्ये "समेट" किती झाले ते भरायचं. मग समेट वाढणारच की राव! आठवड्याच्या कोर्सवर "सर्टिफाइड काउन्सेलर"चा बोर्ड लावणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला सन्मानाचा आणि गोपनीयतेचा हक्क दिला. 2022 पासून टेलिमानसचा 14416 हा नंबर आहे. चांगलंच आहे. पण फोन उचलणाऱ्याचं मन कोण ऐकतं?

जिल्हा नियोजनाच्या बैठकीत रस्ते, पूल, सभामंडप यांवर तासन्‌तास चर्चा होते. माझे प्रश्न तीनच. आपल्या सरकारी केंद्रांतल्या समुपदेशकांना सुपरव्हिजन मिळतं का? महिन्यातून किती तास? देणारा कोण?

केंद्रात "सोसून घे" ऐकून परत आला असाल तर इनबॉक्समध्ये लिहा, नाव छापणार नाही. आणि समुपदेशक मॅडम, सर, तुम्हीसुद्धा लिहा. तुमचंही नाव छापणार नाही.