प्रश्न युनिटांचा नव्हे, वेळेचा

विजेवरच्या मोटारी वाढल्या तर देशाला वीज पुरेल का, असे मला वारंवार विचारले जाते. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी सुमारे २५० गिगावॅटवर गेली आणि ती भागवली गेली. खरी अडचण संध्याकाळची आहे. सूर्य मावळतो, सौरवीज संपते आणि नेमका तेव्हाच कार्यालयातून परतलेला मोटारमालक प्लग लावतो. गाडी प्लग-इन हायब्रिड असो वा पूर्ण विद्युत, घरगुती चार्जर साधारण ३.३ किलोवॅटचा. एका गल्लीत असे तीस एकदम सुरू झाले, की १०० केव्हीएचे रोहित्र जवळपास भरले. पंखे आणि एसी निराळेच. जुलै २०१२ मध्ये निम्मा देश अंधारात गेला तेव्हा मी सेवेत होतो. त्या वेळी राष्ट्रीय वीजजाळे कोसळले होते. यापुढची ठिणगी गल्लीच्या तोंडाशी पडेल.

केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार सौर तासांतील वीजदर किमान २० टक्के कमी हवा. धोरण योग्यच, पण त्या तासांत नोकरदाराची गाडी घरी नसते, कार्यालयाच्या वाहनतळावर असते. सवलतीची वीज तिथे पोहोचायला हवी, आणि सुरुवात सरकारी कचेऱ्यांच्या आवारांपासून व्हावी. तिथे कोणाची परवानगी मागायची, हा प्रश्न तरी सरकारला पडू नये.